खानदेशातील बैल आणि माणूस : स्मृतीच्या साधनांचा विचार

इतिहासाच्या लेखी साधनांत बैल आढळतो तो बहुधा संख्येच्या रूपाने. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेश खंडात शेतीच्या जनावरांची मोजदाद आहे; परंतु त्या जनावरांच्या संगतीत ज्याचा जन्म गेला त्या माणसाचे त्यांच्याशी नाते काय होते, हे कोष्टकांवरून समजत नाही. ते शोधावयाचे तर आचार आणि गीत या दोन साधनांकडे वळणे प्राप्त आहे.

लोहमार्ग होण्यापूर्वी या भागातील धान्य, कापूस आणि किनाऱ्याकडून येणारे मीठ यांची वाहतूक बव्हंशी लमाण-बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून होत असे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात बंजाऱ्यांच्या ‘हातडिया’ नावाच्या बैलाचे वर्णन आले आहे. हा बैल बालाजीस वाहिलेला असे. त्याच्या पाठीवर ओझे कधीच घालीत नसत. तांबड्या रेशमाने, घुंगरांनी व कवड्यांनी शृंगारून त्यास तांड्याच्या अग्रभागी ठेवीत. थकून तो जेथे बसे, तेथेच त्या दिवसाचा मुक्काम पडे. दुखण्याबाण्यात रोग्यास त्याच्या पायांशी नेत. यात देवभक्ती आहे हे उघडच आहे. तथापि शेकडो बैलांचा तांडा कोठे थांबावा याचा निर्णय एका मुक्या जनावराच्या थकव्यावर सोपविण्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासातून आलेला विश्वासही दिसून येतो.

या व्यवस्थेचा अंत घडविणाऱ्या कारणांत भुसावळचे स्थान मोठे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून येणारा मार्ग येथे दुभंगला. त्याची एक शाखा १८६७ साली नागपुरास पोचली आणि दुसरी १८७० साली जबलपुरास. दूरच्या पल्ल्याचा माल गाडीने जाऊ लागला आणि तांड्यांचा व्यापार ओसरत गेला. आगगाडीचा मुक्काम बैलाच्या थकव्यावर ठरत नाही. शेतकऱ्याचा बैल मात्र राहिला. नांगर त्याच्याच खांद्यावर होता आणि स्थानकापर्यंत कापूस पोचविणारी गाडीही तोच ओढीत होता.

या बैलाच्या ऋणाची आठवण श्रावण अमावास्येच्या पोळ्याने दरवर्षी जागी ठेवली. त्या दिवशी त्यास जुंपीत नाहीत; न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पुरणपोळीचा नैवेद्य भरवितात. आदल्या दिवशीच्या खांदेमळणीत जुवाने घासलेला खांदा हळद-लोण्याने चोळला जातो. ज्या अवयवाने वर्षभर भार सोसला, त्याचीच निगा आधी केली जाते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या सणाची सर्वांत मोलाची साक्ष एका निरक्षर शेतकरी स्त्रीची आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली, म्हणजे उपरोक्त गॅझेटिअरच्याच वर्षी, जळगावजवळील असोदे येथे झाला. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या व पुढील वर्षी त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पोळ्यावरील गाण्यात बैलाच्या पूजेचा उत्साह तर आहेच. पण डोक्यावरील बाशिंगाचा भार बैलास जड होतो, हौस आपली होते आणि त्रास त्याला, असेही त्या बजावतात. शेतकरी बैलाचा ऋणी आहे, हा त्यांचा निष्कर्ष आहे.

येथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. वरील सर्व साधने माणसाने निर्माण केलेली आहेत. बैलास काय आठवत होते, याचा लेख कोठेही नाही. म्हणूनच आपल्या प्रेमाचा शृंगार आणि जनावराचे सुख या दोहोंतील अंतर ओळखणारी बहिणाबाईंची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते. गॅझेटिअरकाराने बैल मोजले आणि तांड्याने बैल पूजिला. असोद्याच्या या लेकीने मात्र सणाच्या गर्दीत त्याची मान अवघडली आहे काय, हे पाहिले. खानदेशच्या कृषिजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही तिसरी दृष्टीही साधन म्हणून स्वीकारावी, एवढेच या टिपणाचे सांगणे आहे.