नालबंदाची दागणी

आमच्या घरातल्या जुन्या पेटीत हातभर लांबीची एक लोखंडी सळई आहे. टोकाला चपटी, मुठीला लाकूड. लहानपणी मला वाटे, ती चुलीतले निखारे ओढायची असेल. ती दागणी आहे, हे वडिलांनी बऱ्याच वर्षांनी सांगितले. आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, नालबंद होते. धंदा नाल ठोकण्याचा. पण जनावरांचा डॉक्टर सहज न मिळणाऱ्या त्या काळात लंगडा घोडाही त्यांच्याच दारात येई. पायामागची नस सुजली की ही सळई तापवून सुजेवर रेघा ओढायच्या, हा इलाज.

घोडागाडीच्या शर्यतीत पळणारा एक घोडा असाच आला होता. मालकाला पुढच्या जत्रेची घाई. दादांनी दाग दिला आणि जखमा पूर्ण भरून नवे केस येईपर्यंत गाडीला जुंपायचा नाही, अशी ताकीद दिली. जत्रा गेली, तिच्या पुढचीही गेली. वर्षभराने घोडा पुन्हा पळाला आणि दादांच्या हाताचे नाव झाले. आमच्या घरात हा किस्सा अभिमानाने सांगितला जातो. मीही सांगत असे.

दागण्याची ही विद्या दादांची स्वतःची नव्हती. तिला हजार वर्षांहून मोठा इतिहास आहे. घोड्याच्या वैद्याला अरबीत 'बैतार' म्हणतात. हा शब्द ग्रीकमधून आला. आपल्याकडचा 'सालोत्री' हा शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून पडला. नवव्या शतकात अब्बासी काळात इब्न अखी हिझाम याने अश्वविद्या आणि अश्ववैद्यकावर अरबीत ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात कैरोत ममलूक सुलतान अन्-नासिर मुहम्मद याच्या पागेचा वैद्य अबू बक्र इब्न बद्र याने लिहिलेला मोठा ग्रंथ सुलतानाच्या नावावरून 'अन्-नासिरी' म्हणून ओळखला जातो. हिंदुस्थानात शालिहोत्राच्या संस्कृत विद्येचे फारसीत तर्जुमे झाले, फरसनामे लिहिले गेले. उर्दू शायर सआदत यार खान रंगीन यानेही एक फरसनामा लिहिला. संस्कृत पंडित, फारसी मुन्शी आणि निरक्षर नालबंद असे सगळे या एका विद्येचे वारसदार होते.

या परंपरेत दाग हा मान्य इलाज होता. युरोपातही तेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेचे पशुवैद्य घोड्यांचे पाय सर्रास डागत. मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा जगभरच्या शास्त्रात दागाला जागा होती. म्हणजे दादा अडाणी होते म्हणून डागत होते, असे म्हणता येत नाही.

मग त्या दागाने होत काय होते? त्यासाठी घोड्याचा पाय पाहावा लागतो. पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नसतातच. हाड, कंडरा आणि अस्थिबंध, एवढेच. नळीच्या हाडामागून एक मजबूत पट्टा उतरतो आणि खाली दोन फाट्यांनी खुरावरच्या सांध्याला झोळीसारखा तोलून धरतो. उडी मारून घोडा एका पायावर उतरतो, तेव्हा तो सांधा जमिनीकडे दबतो आणि पट्टा ताणला जातो. त्यातले तंतू तुटले की घोडा लंगडतो. तिथे रक्तपुरवठा बेताचा, म्हणून भरून येणे सावकाश. सूज आणि लंगडणे काही आठवड्यांत ओसरते, पण आतला नवा तंतू अजून कच्चा आणि अस्ताव्यस्त असतो. मालक नेमका इथेच फसतो.

१९८३ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या इयन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी घोड्यांच्या कंडरांच्या दुखापतींवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दागाने कंडरा बरी होण्यास मदत होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १९९१ मध्ये तिथल्या पशुवैद्यांच्या शिखरसंस्थेने दाग देणे अनैतिक ठरवले. घोडे बरे होत, ते सक्तीच्या विश्रांतीने. भाजलेल्या पायाचा घोडा कुणी शर्यतीला काढत नव्हता, एवढाच काय तो दागाचा गुण.

आज हेच काम आग न लावता होते. आधी थंड शेक, पट्टी आणि तबेल्यात विश्रांती. मग लगाम हातात धरून रोज पाच-दहा मिनिटे चालवणे. दर आठवड्याला थोडी वाढ. नुसते बांधून ठेवूनही चालत नाही, कारण मोजका भार पडला तरच नवे तंतू ओढीच्या दिशेने रचले जातात. काही महिन्यांनी दुडकी, मग दौड, उडी सगळ्यात शेवटी. मधूनमधून सोनोग्राफी करून आतले भरणे पाहायचे आणि मगच पुढची पायरी चढायची. गंभीर दुखापतीत नऊ महिने ते वर्ष सहज जाते. एवढे करूनही पट्टा पूर्वीइतका लवचीक होत नाही. पुन्हा दुखावण्याची भीती राहतेच.

अशी कुठलीही दुखापत स्वाराच्या सबुरीची परीक्षा घेते. फवाद मिर्झा याने २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सेन्योर मेडिकॉट या घोड्यावर वैयक्तिक रौप्य मिळवले. भारताला घोडेस्वारीत ३६ वर्षांनी मिळालेले हे वैयक्तिक पदक. नंतर घोडा दुखापतीमुळे दीर्घकाळ स्पर्धेबाहेर राहिला. फवादने टोकियो ऑलिंपिकची पात्रता दुसऱ्या घोड्यांवर मिळवली. सावरलेला मेडिकॉट २०२१ मध्ये टोकियोत उतरला आणि ही जोडी तेविसावी आली. फवादचे वडील घोड्यांचे डॉक्टर आहेत.

आपल्या समाजात जुन्या ग्रंथांबद्दल बोलताना 'आपल्या बुजुर्गांना सगळे ठाऊक होते' असे म्हणायची सवय आहे. मला ते म्हणवत नाही. हदीसमध्ये मध आणि हिजाम्याबरोबर दागाचा उल्लेख येतो, पण दागाची मनाईही तिथेच येते. अरबीत म्हण आहे, शेवटचा इलाज म्हणजे दाग. तरी शेकडो वर्षे तो पहिल्यांदाच हातात घेतला गेला. तोंड बांधलेल्या, पाय जखडलेल्या किती घोड्यांनी ते सोसले असेल!

हे सगळे वाचल्यावर मी वडिलांना विचारले, दादांना कधी शंका आली नाही का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते म्हणायचे, नुसतं वर्षभर थांब म्हटलं तर मालक ऐकत नाही. डाग बघितला की ऐकतो."

दादांना बहुधा अर्धे ठाऊक होते. त्या अर्ध्याचा मला अभिमान आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत घोड्याने मोजली. दागणी मी पेटीत ठेवली आहे, पण तो किस्सा आता मुलांना सांगतो तेव्हा हेही सांगतो.