खांड: भरतीआधीचे सहा तास

१/ घरातील नळ मध्यरात्री फुटला, तर जाणता माणूस फुटलेल्या जागी फडके धरून बसत नाही. तो आधी मुख्य कॉक बंद करतो आणि मगच कारागिराला निरोप धाडतो. हे शहाणपण नळांहून जुने आहे. पेण-रोह्याच्या खारजमिनीत ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. फरक एवढाच की, तेथे पाणी समुद्राचे होते आणि त्याचा कॉक कोणाच्याच हाती नव्हता.

२/ निडी हे नागोठणे आणि रोहे यांच्या मधले गाव. एका बाजूला अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते, तर दुसऱ्या बाजूला कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीला. या दोन्ही खाड्यांमधून भरतीचे खारे पाणी भूभागात खोलवर शिरते. खाडीकाठच्या सखल जमिनीला मातीचे बांध घालून तिच्यावर भातशेती उभी राहिली. हीच खारजमीन.

३/ या बांधाचा प्राण म्हणजे उघाडी. बांधाखालून जाणाऱ्या मोरीच्या खाडीकडील तोंडावर लाकडी झडप टांगलेली असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटते आणि झडप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. आजचा प्लंबर ज्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतो, त्याचेच हे तत्त्व.

४/ बांधाचा शत्रू बहुधा लहान असे. खेकडे आणि उंदीर त्यात बिळे पाडत. अशा बिळातून पाणी झिरपू लागले की जाताना ते माती घेऊन जाई आणि बांधाच्या पोटात आपोआप एक नळी तयार होई. वरून बांध धड दिसे, पण आतून तो पोखरलेला असे. म्हणूनच उधाणाच्या दिवसांत बांधावर फेरी मारणे हा शेतीच्या कामाचाच भाग होता.

५/ बांध फुटून पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. त्यांतील ओहोटीचे जेमतेम सहा तास दुरुस्तीच्या वाट्याला येत. ते हुकले की पाणी पुन्हा आत शिरे, पुन्हा बाहेर पडे आणि दोन्ही वेळा खांडीच्या कडा खरवडून नेई. आज दोन माणसांनी बुजवता येणारी खांड चार दिवसांनी अख्ख्या गावाला आवरत नसे.

६/ त्यामुळे कामाचा क्रम महत्त्वाचा होता. आधी कडा सावरायच्या, म्हणजे भगदाड रुंदावत नाही. मग खुंट ठोकायचे, त्यांच्या आड पेंढा आणि झुडपे दडपायची आणि त्यावर चिकण चिखलाचे थर चढवायचे. काम कच्चेच असे. पुढची भरती थोपवणे एवढेच त्याचे उद्दिष्ट. पक्का बांध नंतर, भांगाच्या दिवसांत भरती उतरली की घालायचा.

७/ वेळेचा एवढा धाक कशासाठी? कारण खारे पाणी शेतात साचले, तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. मीठ मातीत मुरते आणि ते धुऊन जायला काही पावसाळे लागतात. घरात शिरलेले पाणी फरशी भिजवते, पण खांडीतून शिरलेले पाणी पुढच्या काही वर्षांचे अन्न हिरावते.

८/ मग धावून कोण जाई? त्याचे उत्तर जोळ. एका बांधाच्या आसऱ्याने कसणाऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या श्रमाच्या व्यवस्थेचे हे नाव. पेण भागात शिलोत्री पद्धतही होती. तीत बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रीदारावर असे आणि त्यासाठी तो कुळांकडून ठरावीक भात घेई. या पद्धतीत शोषणाला वाव होता. तरीही बांध कोणाचा, हा प्रश्न अनुत्तरित नव्हता.

९/ समुद्राशी असेच झुंजणाऱ्या नेदरलँड्समध्ये जुना दंडक याहून कठोर होता. आपल्या वाट्याचा बांध राखणे ज्याला जमेना, त्याने त्यात कुदळ रोवायची आणि जमीन सोडून जायचे. जो कुदळ उपसून घेई, त्याच्याकडे जमीन आणि बांध दोन्ही जात.

१०/ १ फेब्रुवारी १९५३ रोजी त्याच देशात महापुराने १,८०० हून अधिक बळी घेतले. हॉलंड्से आयसल नदीचा बांध फुटू लागला, तेव्हा नावाडी आरी एव्हेग्रून याने आपले मालवाहू जहाज थेट खांडीत घातले. पाण्याच्याच रेट्याने ते दारासारखे बसले आणि बांधामागचा लाखोंच्या वस्तीचा प्रदेश वाचला. उघाडीची झडप ज्या तत्त्वाने मिटते, तेच येथे कामी आले.

११/ कोकणात मात्र बांधाचा धनी बदलत गेला. १९४८ साली मुंबई राज्यात खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा झाला. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कुळांना मालकीची वाट मोकळी करून दिली. हा न्याय्यच बदल होता, पण बांधावर खर्च करण्यात जुन्या जमीनदाराला मग रस उरला नाही. १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमानंतर बांध हे प्रामुख्याने सरकारचे काम ठरले.

१२/ सरकारकडे यंत्रे आली, दगड आला, पैसाही आला. परंतु अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांचा काळ महिन्यांत मोजला जातो, तर खांडीचा तासांत. बांध ‘आपला’ न राहिल्यावर पहिल्या ओहोटीत चिखल टाकणारे हातही विरळ झाले. कित्येक ठिकाणी खांडी तशाच राहिल्या, शेतांत तिवरे उगवली आणि भाताची जमीन पुन्हा खाडीची झाली.

१३/ पक्की दुरुस्ती जाणकाराचीच, हे जोळ पाळणाऱ्यांनाही मान्य होते. मात्र जाणकार येईपर्यंत नुकसान वाढू न देणे, हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवले नव्हते. कायदे बदलले, मालक बदलले. दोन भरतींमधली ओहोटी आजही सहाच तासांची आहे.