केडगावचे स्टेशन आणि मधुबनीच्या बायका

आपल्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम आणि बालसंगोपन यांवर लिहिणाऱ्या पुष्कळजणी आहेत, म्हणून मी जरा निराळा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच. तेव्हा इतिहास म्हटले की विद्वानांचे काम, असे वाटून आधी हात आखडला होता. पण ज्या स्टेशनावर आपण माहेरी जाताना पोरेबाळे आणि पिशव्या सांभाळत उभ्या राहिलो, त्याची हकिगत आपण नाही सांगायची तर कोणी?

आपल्या शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, आगगाडी कधी आलीच नाही. गाडी धरायची तर न्हावरे, पारगाव करीत चौफुल्यावरून केडगाव गाठायचे, नाही तर दौंड. पुण्याला आगगाडी पोहोचली १४ जून १८५८ रोजी, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती पुढे दौंडवरून डिकसळपर्यंत धावू लागली. गंमत अशी की तेव्हा बोरघाटातले काम पुरे झालेले नव्हते. मुंबईचा उतारू खोपोलीला उतरून पालखीने किंवा पायी घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसे. घाटातून गाडी सुरू झाली ती १८६३ साली. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड मोठे जंक्शन बनले. ज्या डिकसळचा एवढा बोलबाला होता, तिथला जुना मार्ग मात्र उजनी धरणाच्या पाण्यामुळे बदलावा लागला. जुन्या गोष्टी अशा जातात आणि दोन पिढ्यांनी कुणाला आठवतही नाहीत.

ज्या १८५८ साली ही गाडी आपल्या मुलखात आली, त्याच साली एप्रिल महिन्यात पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. त्यांचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत अन्नावाचून खंगून गेली. उपाशी माणसाचे तोंड कसे दिसते हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि टाकून दिलेल्या मुली, बालविधवा, निराधार बायका गोळा करून घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगाचे कडक निर्बंध होते. मग केडगावला त्यांनी शेतीसाठी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर या मुलींची सोय झाली आणि मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली होती. विणकाम, शिवण, शेती, एवढेच काय, छापखान्याचे कामही या बायका करीत. रमाबाईंच्या धर्मांतरावरून त्या काळी पुष्कळ वाद झाले, ते घरोघरी ठाऊक आहेत आणि इथे उगाळत नाही. मला दिसतात त्या आगगाडीतून उतरणाऱ्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली. ज्यांना घर नव्हते, त्यांच्या आयुष्याची नवी वाट या लहानशा स्टेशनाजवळ सुरू झाली.

आता थोडे दूर, बिहारात जाऊ. तिथल्या बायकांनी आपल्या स्टेशनासाठी जे केले ते सांगितल्यावाचून माझे म्हणणे पुरे होणार नाही.

मधुबनी भागात बायका लग्नकार्याला घराच्या भिंतींवर चित्रे काढीत, जशी आपल्याकडे दारापुढे रांगोळी. १९३४ च्या भूकंपात घरे कोसळली, तेव्हा फुटक्या भिंतींवरची ही चित्रे आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिली आणि जगाला कळवली. पुढे १९६६-६७ मध्ये तिथे दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काम मिळावे म्हणून हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुळकर्णी यांना तिकडे धाडले. भिंतीवरचे चित्र कागदावर काढा, ते विकता येईल, असे या आपल्या मराठी माणसाने त्यांना पटवले. त्यातून घरे चालली. जगदंबा देवींना १९७५ साली आणि सीता देवींना १९८१ साली पद्मश्री मिळाली.

याच मधुबनीचे स्टेशन कळकट म्हणून बदनाम होते. २ ऑक्टोबर २०१७ पासून दोनशेच्या आसपास चित्रकार, त्यांत बायकाच अधिक, ते रंगवायला लागले. सात हजार चौरस फुटांहून अधिक भिंत त्यांनी श्रमदानाने भरून काढली. सीतेचा जन्म, तिचे लग्न, कृष्णलीला, गावचा बाजार असे सारे काही. २०१८ मध्ये रेल्वेच्या सुशोभनाच्या स्पर्धेत या स्टेशनाला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला कोणाला, तर आपल्या महाराष्ट्रातल्या चंद्रपूर आणि बल्लारशा या जोडीला! तिथे ताडोबाचे वाघ आणि आदिवासी कला भिंतींवर आल्या आहेत. चित्र असले की माणूस तिथे थुंकायला कचरतो, हा फायदा वेगळाच. पाटीवर लिहिलेली सूचना कोण वाचतो?

एक गोष्ट मात्र मला खटकते. श्रमदान म्हटले की बायकांचे काम फुकट, हे गृहीतच धरले जाते. ज्या कलेने दुष्काळात चूल पेटवली तिला मजुरी असायला हवी. झाडलोट, रोपे लावणे यासाठी आपण आनंदाने एक रविवार देऊ. कसबी हाताचे काम घ्यायचे तर रंगाचे आणि कष्टाचे पैसे उभे करूनच घ्यावे, मग त्यासाठी हळदीकुंकवाचे वाण एक वर्ष कमी झाले तरी चालेल.

केडगावच्या स्टेशनाचे अमृत भारत योजनेत नूतनीकरण झाले आणि २२ मे २०२५ रोजी उद्‌घाटनही झाले. त्याच दिवशी विदर्भातले मूर्तिजापूर आणि मुंबईचे माटुंगाही त्या यादीत होते. इमारत सरकारने दिली हे चांगलेच झाले. पण तिच्या एखाद्या भिंतीवर आगगाडीतून उतरणाऱ्या त्या मुली, हातमाग आणि छापखाना असावा आणि खाली चार ओळींत हकिगत असावी, असे मला फार वाटते. रेल्वेच्या परवानगीशिवाय भिंतीला हात लावता येत नाही, म्हणून आधी अर्ज करावा लागेल. उन्हापावसाने रंग उडतो, तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा कोण उजळवणार हेही अर्जातच लिहावे. नाही तर दिवाळीला रंगवलेल्या तुळशीवृंदावनाची होळीपर्यंत जी दशा होते, तीच त्याची होईल.

अर्जाचा मसुदा चिटणीसबाईंकडे दिला आहे. सही करायला येताना घरातल्या मुलींनाही आणावे, आणि ज्यांच्या आजीला केडगावच्या जुन्या आठवणी असतील त्यांनी त्या लिहून आणाव्यात.