वचनभंगाचा कायदा आणि खाजगीपणाचा प्रश्न : अमेरिकेचा व्यापार आयोग व फेसबुक

प्रस्तावना :

२४ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेसबुक कंपनीवर पाच अब्ज डॉलरचा दंड जाहीर केला. वापरकर्त्यांच्या खाजगीपणासंबंधीच्या प्रकरणात एखाद्या कंपनीवर बसलेला तोपर्यंतचा हा सर्वांत मोठा दंड होय. मात्र तो माहिती गोळा केल्याबद्दल नव्हता, आयोगाच्या आधीच्या आदेशाचा भंग केल्याबद्दल होता. हा भेद अमेरिकन कायद्यात कसा रुजला, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

लुई ब्रँडाइस यांनी सॅम्युएल वॉरन यांच्यासमवेत १८९० मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त लेख लिहून खाजगीपणाचा हक्क मांडला. पुढे हेच ब्रँडाइस राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे आर्थिक धोरणविषयक सल्लागार झाले आणि १९१४ मध्ये व्यापार आयोगाचा कायदा संमत झाला. परंतु या दोन विचारांची तेव्हा गाठ पडली नाही. कायद्याचा रोख ‘स्पर्धेच्या अनुचित पद्धतीं’वर होता; ग्राहकाचा त्यात उल्लेख नव्हता. १९३१ मध्ये लठ्ठपणावरील एका औषधाच्या जाहिरातीसंबंधी खटल्यात आयोग सर्वोच्च न्यायालयात हरला, कारण प्रतिस्पर्ध्यांची हानी सिद्ध झाली नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १९३८ च्या दुरुस्तीने ‘अनुचित अथवा फसवी कृत्ये’ हे शब्द कायद्यात आले. इंटरनेटच्या युगात खाजगीपणाचे रक्षण ज्या कलमावर विसंबले, त्याच्या मुळाशी वजन घटवण्याचे औषध असावे, हा योग चमत्कारिकच म्हणावा लागेल.

१९७४ चा खाजगीपणाचा कायदा संघीय शासनाच्या दप्तरांपुरता राहिला. खाजगी कंपन्यांना सरसकट लागू होणारा संघीय कायदा झालाच नाही. त्यामुळे १९९८ मध्ये जिओसिटीज या संकेतस्थळाविरुद्ध कारवाई करताना आयोगाला १९३८ च्या त्याच शब्दांचा आधार घ्यावा लागला. या युक्तिवादात एक मेख होती : ज्याने वचनच दिले नाही, त्याच्यावर वचनभंगाचा ठपका कसा ठेवावा?

फेसबुक प्रकरण :

डिसेंबर २००९ मध्ये फेसबुकने आपल्या रचनेत बदल केला आणि मित्रांच्या यादीसारखी माहिती संमतीवाचून सर्वांसाठी खुली झाली. नोव्हेंबर २०११ मध्ये आयोगाने आठ आरोपांचे तक्रारपत्र मांडून तडजोड जाहीर केली. ऑगस्ट २०१२ मध्ये ती अंतिम झाली. वीस वर्षे, दर दोन वर्षांनी, त्रयस्थ लेखापरीक्षण व्हावे असे ठरले. दंड मात्र एक डॉलरचाही नव्हता, कारण अशा पहिल्या अपराधाला दंड करण्याचा अधिकार आयोगाला कायद्याने दिलेला नाही. आदेश मोडला तरच दंड होतो.

आदेश लागू असतानाच अलेक्झांडर कोगन यांच्या एका प्रश्नावलीवजा ॲपद्वारे माहिती बाहेर गेली. ते ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले. त्यांच्या मित्रांसह बाधितांची संख्या, खुद्द फेसबुकच्या अंदाजानुसार, ८ कोटी ७० लाखांपर्यंत पोहोचली. केंब्रिज ॲनालिटिका या संस्थेशी असलेला त्याचा संबंध मार्च २०१८ मध्ये उघडकीस आला. पुढील महिन्यात मार्क झुकरबर्ग यांची अमेरिकन संसदेत दोन दिवस साक्ष झाली. लेखापरीक्षणे त्या काळातही चालूच होती, ही बाब अस्वस्थ करणारी आहे.

२०१९ च्या तक्रारीत आणखी एक आरोप होता. सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले दूरध्वनी क्रमांक जाहिरातींसाठी वापरले गेले होते. सामान्य माणसाला हा प्रकार केंब्रिज प्रकरणापेक्षाही लवकर कळावा, असे आम्हास वाटते.

तडजोडीचा निर्णय आयोगात तीन विरुद्ध दोन मतांनी झाला. रोहित चोप्रा व रिबेका स्लॉटर यांनी विरोधी मत नोंदवले. चोप्रा यांच्या मते ज्या जाहिरातकेंद्री व्यवसायपद्धतीतून हा भंग घडला, तिला आदेशाने हात लावला नव्हता. २०१८ मध्ये कंपनीचा महसूल सुमारे ५५.८ अब्ज डॉलर होता. झुकरबर्ग यांनी दर तीन महिन्यांनी अनुपालनाचे प्रमाणपत्र द्यावे असे ठरले. त्यांच्यावर व्यक्तिशः कोणताही आरोप ठेवला गेला नाही. १२ जून २०१९ पूर्वीच्या, आयोगास ज्ञात असलेल्या तक्रारींतूनही कंपनीस मुक्तता मिळाली.