'ते दोघे तसले आहेत म्हणे': अफवा, मैत्री आणि किशोरवयीन मुलांचे आरोग्य

सकाळी शाळेच्या बसची वेळ झाली की पोटात दुखते. रविवारी दुखत नाही. डोके दुखते, मळमळते, पण सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात. शाळेत लघवीला जायचे टाळल्यामुळे जळजळ होते, बद्धकोष्ठता होते. रात्री झोप नाही, मोबाईल एक तर हातातून सुटत नाही किंवा अचानक कोपऱ्यात पडून राहतो. अशा तक्रारी घेऊन पालक बालरोगतज्ज्ञाकडे येतात, तेव्हा त्यामागे एखादी अफवा असेल असे त्यांच्या मनातही नसते. मुलगा किंवा मुलगी आणि त्यांचा जिवलग मित्र किंवा मैत्रीण यांच्याविषयी वर्गात कुजबूज चालू असते: 'ते दोघे तसले आहेत.' हा लेख अशा मुलांच्या पालकांसाठी आहे, आणि शक्य असेल तर मुलांनीही वाचावा.

उलव्यासारख्या वस्तीत हे जास्त का टोचते

उलवे हे नवे नगर. सिडकोने सेक्टर आखले, २०१८ मध्ये लोकल खारकोपरपर्यंत आली, २०२४ मध्ये ती उरणपर्यंत गेली आणि त्याच महिन्यात अटल सेतूही सुरू झाला. येथे मूळची आगरी-कोळी गावे आहेत, विमानतळासाठी घरे सोडावी लागलेली कुटुंबे आहेत आणि कर्जावर फ्लॅट घेऊन बाहेरून आलेले असंख्य लोक आहेत. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या मुलाला शेजारच्या गल्लीत मावशी नसते, बालवाडीपासूनचे सवंगडी नसतात. बहुतेक वेळा एकच जवळचा मित्र असतो. शाळेची बस, ट्यूशन आणि सोसायटीचे पटांगण या तिन्ही ठिकाणी पुन्हा तीच दहा-पंधरा मुले भेटतात. त्यामुळे अफवा निघाली की तिच्याबाहेर जायला जागा उरत नाही. आणि अफवा नेमकी त्या मैत्रीबद्दल असते, जी त्या मुलाचा एकमेव आधार असते.

यात आजार कोणता?

समलिंगी आकर्षण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढले. भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हीच भूमिका जाहीरपणे मांडली. त्यामुळे 'डॉक्टर, हार्मोन्स तपासून घ्या' या विनंतीला माझे उत्तर ठरलेले आहे: लैंगिक कल दाखवणारी कोणतीही रक्ततपासणी, एमआरआय किंवा सोनोग्राफी अस्तित्वात नाही. उगाच पैसे घालवू नका. शिवाय तपासणीला नेले की मुलाला एकच अर्थ कळतो, की आईबाबांच्या मते माझ्यात बिघाड आहे.

पौगंडावस्थेत मैत्री फार तीव्र असते. दिवसभर एकमेकांशिवाय करमत नाही, तिसऱ्याशी बोलले तर राग येतो, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून चालतात. यातले बरेचसे निव्वळ मैत्रीचे असते. काही मुलांच्या बाबतीत त्यात आकर्षणही असते. त्या आकर्षणाचे पुढे काय होईल हे चौदाव्या वर्षी त्या मुलालाही सांगता येत नाही, मग वर्गाला किंवा आपल्याला कसे सांगता येणार? काही मुलांना मात्र याच वयात स्वतःबद्दल नीट कळलेले असते, तेही खरे मानावे. 'हे वयाचे आहे, जाईल' असे म्हणून ते उडवून लावू नये.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमासाठी २०१७ मध्ये 'साथिया' हे साहित्य तयार झाले. या वयात मित्राबद्दल किंवा अन्य कोणाबद्दल, तो मुलगा असो वा मुलगी, आकर्षण वाटू शकते आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे, असे त्या सरकारी पुस्तिकेत स्पष्टपणे म्हटले आहे.

संगतीने लैंगिक कल बदलत नाही. मित्रामुळे लागत नाही, मित्र तोडल्याने जात नाही. आईच्या लाडाने किंवा वडिलांच्या धाकानेही येत नाही.

आजार निर्माण होतो तो भीतीतून. रोज 'बायल्या', 'छक्का', 'लेस्बो' असे ऐकणाऱ्या मुलाला खरोखर समलिंगी आकर्षण आहे की नाही याने फारसा फरक पडत नाही. झोप, भूक, अभ्यास आणि मनःस्थिती दोन्ही प्रकारांत बिघडते. म्हणून उपचार करायचा तो छळावर.

'आमच्या वेळी असले काही नव्हते'

होते. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले, तेव्हापासून मराठी वाचक लैंगिक शंका पत्राने विचारत आले आहेत. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक चाळीस वर्षांहून जुने आहे आणि त्याची कथा स्वातंत्र्यापूर्वीच्या कॉलेजातली आहे. मित्रा ही तरुणी आपल्या मनातले बापू या मित्रापाशी बोलते; मग भोवतालची कुजबूज सुरू होते आणि त्या दोघांच्या मैत्रीची परीक्षा होते. त्यावरून रवी जाधव यांनी 'मित्रा' हा लघुपट केला. मला त्यात बापू महत्त्वाचा वाटतो. त्याला सगळे समजते असे नाही, त्याचे स्वतःचेही मन दुखावलेले आहे, तरी तिला बोलायला एक माणूस असतो. मोबाईलने यात एकच मोठा बदल केला आहे: पूर्वी कुजबूज शाळा सुटली की संपायची, आता ती रात्री अकरा वाजता उशीजवळ वाजते.

दोन मित्र, दोन घरे

समजा, नववीतील दोन मुलांबद्दल अफवा आहे. पहिला मुलगा गप्प होतो. दुसरा, आपल्यावरचा संशय जावा म्हणून, इतरांबरोबर पहिल्यालाच हसू लागतो. असे फार वेळा घडते. पहिल्याला वाटते आपला विश्वासघात झाला, आणि त्याचे दुःख चिडवण्यापेक्षा या गोष्टीचे जास्त असते. दुसऱ्याला आतून अपराधी वाटते, पण तो मागे फिरू शकत नाही. त्याला खलनायक ठरवू नका. तोही घाबरलेला आहे. दोघांनाही मदत लागते.

अशा वेळी मोठी माणसे सहसा एक गोष्ट करतात, जिने सगळे आणखी बिघडते. एका घरातून दुसऱ्या घरी फोन जातो, 'तुमच्या मुलाने आमच्या मुलाला बिघडवले.' सोसायटीच्या ग्रुपवर आडून काही लिहिले जाते. दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी होते. वर्गात जी फक्त अफवा होती, तिच्यावर आता पालकांनीच शिक्का मारलेला असतो.

त्याऐवजी घरी काय बोलावे? 'खरे सांग, तू तसा आहेस का?' हा प्रश्न नको. कबुलीजबाब मागू नये. 'शाळेत तुला कोणी त्रास देते आहे असे वाटते. तू काही केले नाहीस. सांगायचे असेल तेव्हा सांग, मी रागावणार नाही,' एवढे पुरे, आणि ते स्कूटरवर जाताना किंवा भाजी निवडताना सांगितले तर जास्त पोहोचते, कारण डोळ्यांत बघावे लागत नाही. मुलाने स्वतःहून काही सांगितले, तर ते आजी-आजोबा, काका, क्लासचे सर यांच्यापर्यंत त्याच्या परवानगीशिवाय नेऊ नका. अगदी दुसऱ्या पालकाला सांगायचे असले तरी आधी मुलाला विचारा.

वाचणारा स्वतः मित्र किंवा मैत्रीण असेल तर: तुला विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुझी नाही, ती पुढे सांगायची नसते. उत्तर शोधून द्यायची गरज नाही. डबा एकत्र खाणे चालू ठेव. स्क्रीनशॉट पुढे पाठवू नकोस. एकच अपवाद आहे. मित्र जीव देण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलला, तर 'कोणाला सांगू नकोस' अशी शपथ घातली असली तरी त्याच दिवशी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग.

शाळेत

तोंडी तक्रारीवर थांबू नका, लेखी द्या: तारखा, शब्द, ठिकाण. मेसेज असतील तर जपून ठेवा. मुलाच्या आकर्षणाबद्दल शाळेला काहीही सांगायची गरज नसते. 'चिडवणे आणि छळ' एवढीच तक्रार पुरते. राज्यातील शाळांमध्ये तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती असणे अपेक्षित आहे, त्याबद्दल विचारा. तुकडी बदलायचीच झाली, तर त्रास सोसणाऱ्या मुलाची बदलू नये असे माझे मत आहे.

अश्लील किंवा बनावट फोटो फिरत असेल तर बाब वेगळी. अठरा वर्षांखालील मुलाचे असे चित्र बनवणे किंवा पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आणि पोक्सोखाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो कोणाला फॉरवर्ड करू नका.

डॉक्टरकडे कधी आणि काय अपेक्षावे

दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा भूक बिघडली, शाळा टाळली जाते, गुण अचानक घसरले, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घातले जातात, आवडत्या वस्तू वाटून टाकल्या जातात, 'मी नसतो तर बरे' असे बोलणे निघते. यातले काहीही दिसले तर थांबू नका. शेवटची तीन लक्षणे असतील तर त्याच दिवशी दाखवा. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारल्याने तो विचार मनात येत नाही. उलट मूल बोलते होते. दरम्यान घरातील गोळ्या, उंदराचे औषध, फिनेल कुलपात ठेवा आणि मुलाला एकटे सोडू नका.

तपासणीत डॉक्टर काही वेळ मुलाशी एकट्याने बोलतील. यात वावगे काही नाही. मूल जे सांगते ते गुप्त राहते, पण त्याला मर्यादा आहेत आणि त्या आम्ही मुलालाही आधीच सांगतो. जीवाला धोका असेल तर पालकांना सांगावे लागते. अठरा वर्षांखालील मुलाशी लैंगिक कृती घडल्याचे कळले तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. नुसते आकर्षण, प्रेम किंवा मैत्री यांची नोंद कुठेही करायची नसते.

कोणी 'हे बरे करून देतो' म्हणाले, मग ते इंजेक्शन असो, संमोहन असो, समुपदेशनाच्या नावाखाली असो की एखाद्या बाबाकडे असो, तर तेथून निघा. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. अशा डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. या उपायांनी कल बदलत नाही. नैराश्य आणि आत्महत्येचा धोका मात्र वाढतो.

खरा उपचार साधा असतो: झोप आणि पोटाच्या तक्रारींवर इलाज, काही आठवडे समुपदेशन, नैराश्य असेल तर त्याचे औषध, आणि पालकांशी वेगळे बोलणे. उलव्याहून कामोठे आणि नेरूळ येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. घरातून बोलायचे असेल तर टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. मुलांना स्वतः मदत हवी असेल तर १०९८. समलिंगी व्यक्तींच्या पालकांना माहिती देणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईचा हमसफर ट्रस्ट आणि पुण्याचा समपथिक ट्रस्ट जुने आहेत. समपथिकचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत बरेच लिहिले आहे, आणि इंग्रजीतले वाचून गोंधळलेल्या पालकांना ते वाचायला मी सुचवतो.