तोतया : नाव, चेहरा आणि साक्ष

कुणी तुमच्या नावाने पैसे काढले म्हणून तुम्ही लष्करातल्या ठाण्यात तक्रार द्यायला गेलात, तर मुंशी कागदावर हिंदीत गुन्हा लिहील : 'प्रतिरूपण द्वारा छल'. हाच गुन्हा पुण्यात घडला असता तर मराठी दंडसंहितेप्रमाणे तिथे 'तोतयेगिरी करून ठकवणूक' असे लिहिले गेले असते. कायदा एकच, 1860च्या दंडसंहितेतले 416वे कलम, 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहितेतले 319वे. हिंदी भाषांतरकाराला संस्कृतातून शब्द घडवावा लागला. मराठी भाषांतरकाराला तो घरातच मिळाला. आजही वर्तमानपत्रात 'तोतया पोलीस', 'तोतया अधिकारी' असे वाचले की मराठी माणसाला अर्थ विचारावा लागत नाही.

ज्या प्रकरणाने हा शब्द आपल्या मनात कायमचा बसवला, ते पानपतातून निघालेले आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या किती घरांत 'आमचा एक पूर्वज पानपतावर गेला, तो परतला नाही' असे सांगितले जाते, हे वाचकहो, तुम्हांला ठाऊकच आहे. 'परतला नाही' या शब्दांकडे लक्ष द्या. 'मेला' असे कुणी म्हणत नाही. तोतयाचे सगळे भांडवल या दोन शब्दांमधल्या अंतरात होते.

14 जानेवारी 1761च्या त्या दिवशी सदाशिवराव भाऊ तीस वर्षांचे होते. विश्वासराव पडल्यावर ते हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. विश्वासरावांचे शव ओळखता आले. भाऊंचे काय झाले, हे अनेक दिवस कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने फारसीत जो वृत्तान्त लिहून ठेवला आहे, त्यात शिर नसलेल्या एका धडाची हकीकत येते. चेहरा नाही, तेव्हा ओळख पटवायची कशी? अंगावरच्या खुणांवरून. पाठीवर मुजफ्फरखानाने पुण्यात केलेल्या वाराचा व्रण होता, मांडीवर डाग होता, पायावर रेषा होत्या. पुढे शिरही मिळाले आणि अंत्यसंस्कार झाले, असे काशीराज सांगतो. परंतु हे सारे घडले शत्रूच्या छावणीत. दक्षिणेतल्या घरच्या माणसांपैकी कुणीही ते डोळ्यांनी पाहिले नव्हते. नानासाहेब पेशव्यांकडे पराभवाची बातमी आली तीही मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक सराफी भाषेत.

त्याच रणांगणावरून अठरा वर्षांचे नाना फडणीस जिवंत परतले. कसे, ते त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे : अंगावरचे कपडे उतरवून, लंगोटी लावून, कुणी ओळखू नये अशा अवस्थेत. ज्याने आपली ओळख टाकली तो वाचला. ज्याची ओळख रणात हरवली, त्याची ती पुढे दुसऱ्याने उचलली.

उचलणारा बुंदेलखंडाकडचा एक कनोजा ब्राह्मण होता. कागदांत त्याचे नाव कुठे सुखलाल, तर कुठे सुखनिधान असे आढळते. तोंडावळा भाऊंसारखा होता, आणि हे त्याला इतरांनीच आधी सुचवले असावे असे दिसते. पानपतानंतर तीनचार वर्षांच्या आतच तो 'मीच भाऊ' म्हणून वावरू लागला, माणसे जमवू लागला. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून आणवले, चौकशी केली, तोतया ठरवले आणि किल्ल्यांवर कैदेत ठेवले. शेवटची कैद रत्नागिरीची.

माधवरावांनी त्याला ठार का केले नाही, हा प्रश्न अनेकांना पडला आहे. माझा तर्क असा की उत्तर शनिवारवाड्यातच होते. भाऊंची पत्नी पार्वतीबाई स्वतः पानपतावर गेलेल्या होत्या, तिथून जिवंत आलेल्या होत्या, आणि त्यांनी पतीचा मृत्यू कधीच मान्य केला नाही. कुंकू लावूनच त्या राहिल्या, 1783 साली मृत्यू येईपर्यंत. ज्या घरात एक सवाष्ण बावीस वर्षे वाट पाहत होती, त्या घराला 'भाऊ' म्हणवणाऱ्या माणसाचा शिरच्छेद करणे सोपे नव्हते. माणूस खोटा आहे हे राज्याला कळत होते. घराला मात्र शंभरातला एक अंश तरी शंका होतीच. बंदिवानाला जिवंत ठेवणे म्हणजे ती शंका जिवंत ठेवणे होते, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

माधवराव नोव्हेंबर 1772मध्ये वारले. 30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. बारभाईंनी कारभार हाती घेतला. पेशवा म्हणून पाळण्यातले सवाई माधवराव. असे राज्य, आणि त्यात 1776च्या सुरुवातीला रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने आपल्या ताब्यातल्या कैद्याला मोकळे केले आणि तोच खरा भाऊ म्हणून पुढे उभा केला. पाहता पाहता कोकणातले बरेच किल्ले त्याच्या हाती आले. हजारोंची फौज जमली. बोरघाट चढून तो राजमाचीच्या टापूत आला, म्हणजे पुण्याच्या दाराशीच.

आता एक गोष्ट विचारात घ्या. कोकणातल्या ज्या हवालदारांनी किल्ल्याचे दरवाजे उघडले, त्यांतल्या किती जणांनी भाऊंना समोरून पाहिले असेल? नाव सगळ्यांना पाठ होते, चेहरा फारच थोड्यांना. पंधरा वर्षे उलटली होती. खरे भाऊ असते तरी शेहेचाळीस वर्षांचे, दाढी पिकलेले. तोतयाला चेहऱ्याने काम करायचेच नव्हते. त्याचे काम केले ते परांजप्याच्या शब्दाने. सरकारी अधिकारी, किल्ल्याचा मालक, तो म्हणतो हे भाऊसाहेब आहेत, तर मी किल्ल्यावरचा शिपाई कोण नाही म्हणणारा? बखरींतून आणि नंतरच्या लिखाणातून या लोकांना भोळे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. भोळेपणा असेलही, पण त्यांनी विश्वास ठेवला तो माणसावर नव्हे, हुद्द्यावर. हुद्द्यावर विश्वास ठेवल्याशिवाय कोणतेही राज्य एक दिवस चालत नाही.

पुण्याहून महादजी शिंदे आणि भिवराव पानसे चालून गेले. महादजींनी भाऊंना पाहिले होते, त्यांच्या हाताखाली ते लढले होते, पानपताने दिलेले लंगडेपण त्यांच्या पायात होते. ज्या घराण्याच्या छायेत आपण ग्वाल्हेरकर वाढलो, त्यातल्याच महादजींना आपल्या मेलेल्या सेनापतीच्या नावाविरुद्ध तलवार उपसावी लागली. तोतया हरला, किनाऱ्याकडे पळाला, मुंबईला इंग्रजांच्या आश्रयास जाण्याच्या बेतात असताना कुलाब्याच्या रघुजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि 1776च्या अखेरीस त्याला देहान्ताची शिक्षा झाली. या बंडावर न. चिं. केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले, त्यामुळे रंगभूमीनेही हा शब्द पुढच्या पिढ्यांना दिला.

चेहरा पाहून ओळखणारी माणसे दूर असली की ओळख कशावर टेकवायची, हा प्रश्न पुढे कंपनी सरकारलाही पडला. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला, मागाहून त्याने सही नाकारू नये म्हणून. पुढे मेलेल्या पेन्शनराच्या जागी दुसराच उभा राहून पैसे उचलतो, हे थांबवायला तो बोटांचे ठसे घेऊ लागला. 1897 साली कलकत्त्यात ठशांची नोंद ठेवणारी कचेरी निघाली. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गवारीचे मोठे काम केले, जरी पद्धतीला नाव साहेबाचे मिळाले. (हीही एक प्रकारची तोतयेगिरीच म्हणायची.) आणि 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. भाऊंच्या पाठीवरचा व्रण ज्या कामी आला, त्याच कामी आता प्रत्येकाची दहा बोटे आणि दोन डोळे आले.

पण ठसा जसा अंगावर असतो तसा तो कागदावरही राहतो. काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतांच्या प्रती सरकारी संकेतस्थळांवर खुल्या होत्या. त्यांवरचे अंगठे उतरवून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवले गेले आणि आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या यंत्रातून गरिबांची खाती रिकामी झाली. खातेदार घरी बसलेला, अंगठा दुसरीकडे. आधार प्राधिकरणाने बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोय ठेवली आहे. ज्यांनी घर किंवा शेत विकले-घेतले आहे त्यांनी ती वापरायला हरकत नाही.

आज तक्रारी येतात त्यांत याहून मोठा वाटा फोनवरच्या तोतयांचा आहे. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळ्या पैशाचे खाते निघाले, आता व्हिडिओवर या, समोरून हलू नका, कुणाला सांगू नका. पडद्यावर वर्दी, पाठीमागे ठाण्याचा देखावा. त्याला 'डिजिटल अटक' म्हणतात. भारताच्या कोणत्याही कायद्यात अशी अटक नाही, तरी माणसे तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस त्या पडद्यासमोर बसून राहिली आहेत. सुखलालला एका विशिष्ट माणसासारखे दिसावे लागत होते. या तोतयाला कुणासारखेच दिसावे लागत नाही, वर्दी पुरते. आणि परांजपे आजही लागतोच : पैसे ज्या खात्यात वळवतात ते खाते कुणाचे तरी खरे असते, थोड्या पैशांसाठी भाड्याने दिलेले. आपले नाव, पत्ता, खात्याचा तपशील त्यांच्याकडे जातो तोही कुठल्यातरी कचेरीच्या आतूनच बहुधा.

फसतात कोण? लोभी माणसे, असे आपल्या बैठकीत सहज म्हटले जाते. वाट पाहणारी माणसे जास्त फसतात, असे मला वाटते. मुलगा बंगळुरात, मुलगी परदेशात, घरात दोघेच. फोनवर मुलाच्या आवाजात कुणी रडते, 'बाबा, अपघात झालाय, लगेच पाठवा.' त्या क्षणी खात्री करत बसणारा बाप मला भेटलेला नाही. पार्वतीबाईंना आपण मूर्ख म्हणत नाही. मग शेजारच्या काकूंनी ओटीपी सांगितला म्हणून त्यांना का म्हणतो? या हसण्यामुळेच आपल्या समाजातल्या कित्येक तक्रारी उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. सुनेला कळेल, व्याह्यांना कळेल, महाराष्ट्र समाजात चर्चा होईल, म्हणून माणूस गप्प राहतो आणि नेमका वेळ जातो.

तो वेळच सगळे ठरवतो. 1930 या क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच वाटेत गोठवता येतो. दोन दिवसांनी तो रोकड होऊन गेलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा व्यवहारात बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. ग्राहकाने स्वतः गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवर आहे. शाखेतला माणूस 'तुम्हीच सांगितला ना नंबर' म्हणून परत पाठवू लागला, तरी तक्रार लेखी द्या, तिच्यावर तारीख आणि वेळ घालून पोच घ्या, आणि ठाण्यातल्या मुंशीने 'प्रतिरूपण' लिहिले की खाली माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66-क आणि 66-ड ही कलमेही लिहायला सांगा. पहिले दुसऱ्याची ओळख चोरण्याचे आहे, दुसरे संगणकाच्या किंवा फोनच्या आडून तोतयेगिरी करण्याचे.