अनित्य दोष : गिटारच्या बिघडलेल्या आवाजाचा इतिहास

संस्कृत साहित्यशास्त्रातले काव्यदोषांचे प्रकरण विद्यार्थी बहुधा परीक्षेपुरते वाचतात. दोषांची यादी पाठ होते, उदाहरणे पाठ होतात, आणि त्या प्रकरणातला सर्वांत विचारप्रवर्तक मुद्दा मात्र निसटून जातो. तो मुद्दा असा, की सगळेच दोष सर्वकाळ दोष नसतात. कानाला टोचणारी कठोर वर्णरचना शृंगारात त्याज्य ठरते; रौद्र रसात तीच रचना खटकत नाही, किंबहुना शोभते. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त अशा दोषांना अनित्य म्हटले आहे. जो दोष कुठेही दोषच राहतो तो नित्य, आणि जो प्रसंग बदलताच गुण होतो तो अनित्य.

आम्ही मराठीचे अध्यापक. हा भेद आम्हांला एका अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडला. स्नेहसंमेलनाच्या तालमींना येणाऱ्या गिटारवादक विद्यार्थ्यांच्या पायाशी हल्ली एक चपटी पेटी असते. तिला ते 'प्रोसेसर' म्हणतात. पायाने बटण दाबले की गिटारचा आवाज कधी घुमतो, कधी फाटतो, कधी एखाद्या दरीतून परत आल्यासारखा उमटतो. या पेटीत शे-दोनशे आवाज भरलेले असतात. ते कुठून आले याचा शोध घेऊ लागलो तेव्हा लक्षात आले, की यांतील बहुतेक आवाज म्हणजे कधी काळी कुणाच्या तरी यंत्रात झालेले बिघाड होत.

१९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत गिटारला विजेची जोड मिळाली ती एका साध्या अडचणीपोटी. नृत्यवृंदातील पितळी वाद्यांच्या गदारोळात गिटार ऐकूच येत नसे. तारेचे कंपन विद्युतलहरीत बदलायचे, अ‍ॅम्प्लिफायरने ती लहर वाढवायची आणि स्पीकरमधून ऐकवायची, एवढीच योजना. अ‍ॅम्प्लिफायरने आवाज मोठा करावा, त्यात स्वतःचे काही मिसळू नये, हा अभियंत्यांचा आदर्श होता. त्यापासून जे ढळेल त्याला 'डिस्टॉर्शन', म्हणजे विकृती, असे नाव होते. आणि ते नाव कौतुकाने घेतले जात नसे.

या आदर्शाला पहिले तडे गेले ते अपघाताने. मार्च १९५१ मध्ये आयक टर्नरच्या वाद्यवृंदाने मेम्फिस येथे सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट ८८' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. गिटारवादक विली किझार्ट याचा अ‍ॅम्प्लिफायर प्रवासात बिघडला होता. तो गाडीवरून पडला की पावसात भिजला, याविषयी वेगवेगळ्या हकिकती आहेत. स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगतात. त्या तबकडीवर गिटारचा जो खरबरीत आवाज उमटला तो श्रोत्यांना आवडला. पुढे अपघाताची वाट पाहण्याची गरज उरली नाही. लिंक रे याने १९५८ च्या 'रंबल'साठी स्पीकरच्या कागदी पडद्याला पेन्सिलीने भोके पाडली. इंग्लंडमध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिस याने १९६४ साली दाढीच्या पात्याने तो चिरला.

या परंपरेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण नॅशव्हिलचे आहे. मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोंट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिश्रण-फलकातील एक भाग नादुरुस्त झाला आणि ग्रेडी मार्टिन यांनी वाजवलेल्या बेस गिटारचा आवाज फाटून गुणगुणू लागला. तो तुकडा गाण्यात तसाच राहिला, आणि १९६१ साली गाणे लोकप्रिय झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी बिघाडाचा अभ्यास केला आणि तो हुकमी घडवणारे ट्रान्झिस्टरचे मंडल तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ साली ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने पायाखालच्या पेटीत घालून बाजारात आणले. गंमत अशी, की या पेटीमुळे गिटार ट्रंपेट वा ट्यूबासारखी वाजेल, अशी तिची जाहिरात होती. १९६५ साली 'द रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ती वापरली, तीही तिथे पुढे पितळी वाद्ये येतील या हिशेबाने. पितळी वाद्ये काही आली नाहीत. नक्कल म्हणून ठेवलेला आवाज मूळ आवाज होऊन बसला.

दोषात कानाला एवढे काय गवसले? निर्वात नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेबाहेर ताणला की लहरीची शिखरे हळूहळू चपटी होतात. त्यामुळे मूळ स्वराच्या पटीतले उपस्वर उमटतात आणि आवाज भरदार, काटेरी होतो. शिवाय लहान-मोठ्या आवाजातील अंतर कमी झाल्याने क्षणात विरणारा तारेचा स्वर लांबतो, जवळजवळ गाऊ लागतो.

प्रतिध्वनीची कथाही याच वळणाची. १९५० नंतरच्या यंत्रांत फिरत्या चुंबकीय फितीवर आवाज मुद्रित होई आणि क्षणभराने दुसऱ्या शीर्षावरून ऐकू येई. फीत झिजे, तिची गती किंचित डळमळे, आणि प्रत्येक आवर्तनागणिक आवाज थोडा मळकट होत जाई. तंत्रदृष्ट्या हे सारे उणेपण होते. पण मागे पडत जाणारा आवाज धूसर होतो हे आपल्या अनुभवाशी जुळणारे आहे. दूरची हाक जवळच्या हाकेइतकी स्वच्छ नसतेच.

याच सुमारास संगणकीय युग ध्वनीच्या दारात येऊन उभे राहिले. १९७१ साली लेक्सिकन आणि इव्हेंटाइड या अमेरिकी कंपन्यांनी आवाजाला अंकांत बदलून उशिरा ऐकवणारी यंत्रे आणली. १९७५ मध्ये इव्हेंटाइडचे स्वराची पट्टी बदलणारे 'एच ९१०' आले. १९७६ मध्ये जर्मनीच्या ईएमटीचे कृत्रिम घुमाऱ्याचे '२५०' आले. स्टुडिओपुरती असलेली ही महागडी यंत्रे १९८०च्या दशकात लहान होत वादकांपर्यंत पोचली. १९८८ साली जपानच्या बॉस कंपनीच्या 'एमई-५' मध्ये अनेक परिणाम एकाच पेटीत आले आणि वादकाने जुळवलेले आवाज स्मृतीत साठवण्याची सोय झाली.

अंकांचा प्रतिध्वनी फितीपेक्षा कितीतरी काटेकोर होता. शेवटचे आवर्तन पहिल्याइतकेच लखलखीत. अभियंत्यांचा जुना आदर्श अखेर साध्य झाला, आणि नेमके तेव्हाच अनेक वादकांना आवाज थंड, निर्जीव वाटू लागला. मग उद्योगाने उलटा प्रवास सुरू केला. १९९५ साली रोलँडचे 'व्हीजी-८', १९९८ साली लाइन ६ कंपनीचे लाल 'पॉड' आणि १९९९ साली त्याच कंपनीचे प्रतिध्वनीचे हिरवे 'डीएल ४' आले. या यंत्रांत जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांचे ताणलेपण आणि जुन्या फितींची थरथर गणिताने उभी केली होती. २०११ साली आलेले केम्परचे यंत्र समोरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चाचणीचे आवाज सोडते आणि त्यावरून त्याचा स्वभाव टिपून घेते. गेल्या काही वर्षांत हेच काम कृत्रिम न्यूरल जाळी करू लागली आहेत. ज्या दोषापासून सुटण्यासाठी अंक आले, तोच दोष हुबेहूब उतरवण्यासाठी आता अंक राबत आहेत.

अर्थात नव्या माध्यमाने आपले दोषही आणले. नळीची मर्यादा उताराची असते. अंकांची मर्यादा भिंतीची. सर्वांत मोठ्या अंकापुढे अंक नाही; म्हणून गिटारचा संदेश यंत्रात शिरतानाच फार जोरकस असेल, तर शिखरे कापल्यासारखी तुटतात आणि कर्कश तडतड ऐकू येते. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. यंत्र सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचा नमुना घेत असेल, तर २२,०५० हर्ट्झच्या वरचे काहीही त्याला नीट ओळखता येत नाही. विकृतीमुळे गणितात ३०,००० हर्ट्झचा उपस्वर निर्माण झाला, तर तो नाहीसा होत नाही. दुमडून १४,१०० हर्ट्झवर येऊन बसतो. मूळ स्वराशी त्याचे नाते नसते. वादकाने तार ओढून स्वर चढवला की हा उपरा स्वर उलट खाली घसरतो. यावर उपाय म्हणून विकृतीपुरते गणित अनेक पट जास्त नमुन्यांवर करतात आणि नंतर वरचा भाग गाळून टाकतात. तिसरा दोष विलंबाचा. आवाजाचे अंक आणि अंकांचा पुन्हा आवाज होण्यात काही मिलिसेकंद जातात. ५ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे स्पीकरपासून सुमारे पावणेदोन मीटर दूर उभे राहणे. तो खपून जातो. अशी तीन-चार यंत्रे एकामागून एक जोडली, की बोट आणि स्वर यांची फारकत जाणवू लागते.

यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी मग काय पाहावे? आमच्या मते ही दुरुस्ती म्हणजे एक प्रकारचे दोषविवेचनच आहे. प्रथम गिटार सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ऐकावी. मग एकेक वायर आणि एकेक यंत्र मध्ये आणावे. सर्व परिणाम बंद करूनही घरघर राहिली, तर तिचे मूळ परिणामांत नाही. वादक जागच्या जागी वळला आणि घरघर कमीजास्त झाली, तर गिटारमधील वेटोळे आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची लहर पकडत आहे. बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर वीज पुरवणारा अ‍ॅडॅप्टर बदलून पाहावा. त्याचे व्होल्ट, प्रवाहक्षमता आणि ध्रुव यंत्रावर छापल्याप्रमाणेच हवेत. बाहेर जाणारा आवाज कमी केल्यावरही तडतड तितकीच राहिली, तर ती आत शिरतानाच होते आहे. आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला, तर स्पीकरच्या खोक्याची नक्कल यंत्रात चालू आहे आणि पुढे खराखुरा स्पीकरही जोडला आहे, म्हणजे एकच संस्कार दोनदा होतो आहे. काही जुन्या यंत्रांत साठवलेले आवाज एका छोट्या बॅटरीच्या आधारे टिकतात. ती संपली की सारे पुसले जाते. तेव्हा आपले आकडे वहीत उतरवून ठेवावेत.

विकृती वाढवली की बारीक खरखरही वाढते, हे मात्र बिघाडाचे लक्षण नव्हे. लहानाला मोठे करणे हा विकृतीचा स्वभावच. ती झाकणारे 'नॉइज गेट' फार कडक केले, तर विरत जाणाऱ्या स्वराचे शेपूटही तुटते. किती खरखर सोसायची आणि किती शेपूट राखायचे, याचे उत्तर यंत्राकडे नसते.

हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. तानपुऱ्याची तार घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठभागाला घासत थरथरते. तिच्याखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की जवारी खुलते आणि मूळ स्वरावर उपस्वरांचे झळझळीत छत्र उभे राहते. पाश्चात्त्य गिटार बनवणाऱ्या कारागिराला तारेची अशी घासाघीस हा दोष वाटेल आणि तो घोडी दुरुस्त करू पाहील. मिरजेच्या सतारमेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या हाच 'दोष' कानाने घासून सिद्ध केला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे हेच कसब आहे. पुढे १९६७ साली अमेरिकेत निघालेल्या 'कोरल' विद्युत-सतारीत गिटारच्या घोडीला मुद्दाम सपाट पृष्ठभाग देऊन ही झणझण आणावी लागली. फरक एवढाच, की जवारी काढणाऱ्याला आपण काय आणि कशासाठी करतो हे ठाऊक असते. पेटीतला सत्ताविसाव्या क्रमांकाचा आवाज निवडणाऱ्या मुलाला तो कुणाच्या चिरलेल्या स्पीकरचा वारसा आहे हे ठाऊक नसते. दोष त्याला तयार मिळतो. तो गुण कसा झाला, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. साहित्याच्या वर्गातही असेच घडते. ज्याची त्याची मोडलेली वाक्यरचना आणि सांडलेली विरामचिन्हे एखाद्या मोठ्या कवीच्या नावाने मान्य होतात, आणि पुढचे पन्नास जण ती कारणाशिवाय उचलतात.

मग अंकांनी आणलेले दोष तरी नित्य म्हणावेत काय? तेही ठामपणे म्हणता येत नाही. नमुने मुद्दाम कमी करून, अंकांची लांबी तोडून आवाज चुरगळणारी 'बिटक्रशर' नावाची पेडले आज विकली जातात. ज्या दुमडलेल्या उपऱ्या स्वरांना अभियंते हाकलत होते, ते तिथे मानाने बसले आहेत. सुरुवातीच्या १२ बिटांच्या प्रतिध्वनी-पेडलांनाही आता चाहते आहेत. आमच्या मते या साऱ्या इतिहासात एकच दोष निर्विवादपणे नित्य आहे : घरघर घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे. त्याने आवाज कदाचित सुधारेल. पण वादकाच्या जिवाला धोका आहे, आणि तिथे रसाचा प्रश्नच उद्भवत नाही. बाकीच्या दोषांचा निवाडा ज्याच्या त्याच्या कानाने, त्या त्या गाण्यापुरता करायचा आहे.